'अ ख्रिसमस कॅरल'मधलं एक अडलेलं वाक्य : "मिअर युनायटेड स्टेट्स सिक्युरिटी"

पानगळ

डिकन्सच्या 'अ ख्रिसमस कॅरल'च्या दुसऱ्या प्रकरणाच्या (तो त्यांना 'स्टेव्ह' म्हणतो, एकूण पाच आहेत) सुरुवातीलाच एक वाक्य आहे. संक्षिप्त आवृत्त्यांतून ते हमखास गाळलेलं असतं. प्रसंग असा : कंजूष सावकार स्क्रूजकडे त्याच्या मेलेल्या भागीदाराचं, मार्लीचं भूत येऊन गेलंय. स्क्रूज झोपला तेव्हा रात्रीचे दोन वाजून गेले होते, आणि जाग येते तेव्हा घड्याळ बाराचे टोले देतं. आपण अख्खा दिवस झोपलो की काय? की सूर्यालाच काही झालं आणि हे दुपारचे बारा आहेत? तो खिडकीशी जातो. बाहेर धुकं आणि कडाक्याची थंडी, पण लोकांची पळापळ नाही. रात्रीने दिवसाला हुसकून जगाचा ताबा घेतला असता तर केवढा गोंधळ उडाला असता, तसं काही दिसत नाही. स्क्रूजला हायसं वाटतं. का, तर :

"बिकॉज 'थ्री डेज आफ्टर साइट ऑफ धिस फर्स्ट ऑफ एक्स्चेंज पे टू मिस्टर एबेनेझर स्क्रूज ऑर हिज ऑर्डर,' अँड सो फोर्थ, वुड हॅव बिकम अ मिअर युनायटेड स्टेट्स सिक्युरिटी इफ देअर वेअर नो डेज टू काउंट बाय."

शब्द सगळे ओळखीचे, पण वाक्य हाताला लागत नाही. 'फर्स्ट ऑफ एक्स्चेंज' हे काय प्रकरण आहे? आणि अमेरिकेचे रोखे म्हणजे जगातली सगळ्यात भरवशाची गुंतवणूक असं आपण ऐकत आलो, मग 'मिअर' कशाला? कोशातले अर्थ नकोत, विनोद नक्की कुठे आहे ते हवंय.

चष्मेबद्दूर

एवढं काय त्यात? अमेरिका लांब. तिथून पैसे यायला बोटीने महिना लागायचा. तीन दिवसांत मिळणारे पैसे महिन्यावर गेले, एवढाच अर्थ.

अडतबाजार

चष्मेबद्दूर, तसं असतं तर 'इफ देअर वेअर नो डेज टू काउंट बाय' या शेपटाला काम उरत नाही. उशीर मोजायलाही दिवस लागतातच. इथे दिवसच नाहीत.

अवतरणातला मजकूर म्हणजे बिल ऑफ एक्स्चेंजचा, म्हणजे 'अमक्याला पैसे द्या' अशा लेखी आज्ञेचा, ठरलेला साचा आहे. आपल्याकडची हुंडी डोळ्यांसमोर ठेवली की बराचसा उलगडतो. तीन माणसं असतात. लिहिणारा, ज्याच्यावर लिहिली तो, आणि ज्याला पैसे मिळायचे तो. या वाक्यात तिसरा माणूस स्क्रूज आहे, म्हणजे त्याचं येणं आहे, देणं नाही. हायसं वाटण्याचं कारण तिथेच आहे.

'ऑर हिज ऑर्डर' म्हणजे स्क्रूज किंवा तो सांगेल त्याला. या शब्दांमुळे कागदाच्या पाठीवर सही करून तो दुसऱ्याला देता येतो, बाजारात फिरतो.

'थ्री डेज आफ्टर साइट' इथे बहुतेक जण चुकतात. साइट म्हणजे कुणाच्या नजरेस पडणं नव्हे. ज्याच्यावर बिल लिहिलंय त्याच्यापुढे ते रीतसर ठेवायचं, त्याने त्यावर आडवं 'अ‍ॅक्सेप्टेड' लिहून तारीख घालायची आणि सही करायची. आपल्या भाषेत हुंडी सकारायची. मुदत सुरू होते ती या तारखेपासून. बिलावर लिहिलेल्या तारखेपासून मोजायची असेल तर 'आफ्टर डेट' लिहितात, आणि दाखवताक्षणी पैसे द्यायचे असतील, म्हणजे दर्शनी, तर 'अ‍ॅट साइट'. स्क्रूजचं बिल या दोहोंपेक्षा वेगळं : मुदती आहे, पण मुदत दाखवल्यापासूनची.

'आफ्टर साइट' बिलाला स्वतःची देय तारीख नसते हे लक्षात ठेवा. ती दिवस मोजूनच ठरते. दिवस संपले तर देय तारीख कधीच येत नाही. डिकन्सने शंभर साच्यांतून नेमका हा निवडलाय.

मोडीलिपी

'फर्स्ट ऑफ एक्स्चेंज'बद्दल. परदेशी बिलं संचात लिहीत, बहुधा तीन प्रतींचा संच. पहिलीवर मजकूर असे : 'ही माझी पहिली प्रत चुकती करावी, याच मजकुराची व तारखेची दुसरी आणि तिसरी चुकती झालेली नसल्यास.' दुसरीवर पहिली आणि तिसरीचा उल्लेख, तसंच तिसरीवर. प्रती वेगवेगळ्या जहाजांनी पाठवायच्या. एक जहाज बुडालं तरी दुसरी पोचते. जी आधी पोचेल तिच्यावर पैसे मिळतात आणि बाकीच्या आपोआप रद्द. तीन कागद, पण कर्ज एकच. आपल्या १८८१च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या १३२व्या कलमात हीच संचाची तरतूद आहे.

थोडक्यात, स्क्रूजच्या हातातला कागद समुद्रापलीकडून आलेला आहे. देशातल्या देशात संच लिहायची गरज नसे. स्क्रूज नुसता गल्लीतला सावकार नाही, 'चेंज'वर (लंडनच्या रॉयल एक्स्चेंजवर, व्यापाऱ्यांच्या बाजारात) त्याच्या सहीला पत आहे हे पुस्तकाच्या पहिल्याच परिच्छेदात सांगितलंय, त्याच्याशी हे जुळतं.

नारळीपौर्णिमा

म्हणजे आपल्या पैठ-परपैठसारखंच की!

मोडीलिपी

जवळपास, पण एक फरक आहे. मूळ हुंडी हरवली तर पैठ, पैठ हरवली तर परपैठ, आणि तीही गेली तर पंचांचा मेजरनामा, असा आपला क्रम. पुढचा कागद आधीचा हरवल्यावर लिहून मागायचा. इंग्रजी संचातल्या प्रती पहिल्या दिवशीच एकदम लिहिल्या जातात. म्हणून 'फर्स्ट'चं भाषांतर 'मूळ हुंडी' केलं तर बाकीच्या नकला ठरतात, आणि तसं नाही. तिन्ही सारख्याच अस्सल. 'पहिली प्रत' म्हणणं बरं.

अवांतर : चुकती झालेली हुंडी म्हणजे खोखा. हल्ली राजकारणात 'खोके' म्हणतात त्याच्याशी याचा संबंध लावू नये.

सातासमुद्रा

आता अमेरिकेकडे वळू. पुस्तक १९ डिसेंबर १८४३ला बाजारात आलं. त्या वर्षी लंडनच्या वाचकाला 'युनायटेड स्टेट्स सिक्युरिटी' म्हटल्यावर काय आठवत होतं, ते पाहिलं की 'मिअर'चा प्रश्न मिटतो.

१८२०-३०च्या दशकांत अमेरिकेतल्या राज्यांनी कालवे, रेल्वे आणि बँका उभारायला कर्जरोखे काढले. राज्यांनी, केंद्र सरकारने नव्हे. केंद्राने तर १८३५मध्ये आपलं सगळं कर्ज फेडून टाकलं होतं. राज्यांचे रोखे ५-६ टक्के व्याज देत. इंग्लंडच्या सरकारी कर्जरोख्यांवर, म्हणजे कन्सोलवर, ३ टक्के. त्यामुळे लंडनमधले पेन्शनर, पाद्री, विधवा, सगळ्यांनी पैसे तिकडे लावले. १८३७ला मंदीचा पहिला दणका, १८३९ला दुसरा. १८४१पर्यंत राज्यांच्या डोक्यावर मिळून सुमारे २० कोटी डॉलरचं कर्ज होतं आणि कालव्यांची जकात काही येईना.

१८४१च्या जानेवारीत इंडियानाने व्याज थांबवलं. पुढच्या दोनेक वर्षांत इलिनॉय, मेरीलँड, मिशिगन, आर्कान्सा, लुइझियाना, मिसिसिपी, पेनसिल्व्हेनिया आणि फ्लोरिडा (तेव्हा राज्य नव्हतं, टेरिटरी होती). आठ राज्यं आणि एक टेरिटरी. सगळ्यात जिव्हारी लागलं ते ऑगस्ट १८४२मधलं पेनसिल्व्हेनिया. श्रीमंत, क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी वसवलेलं, सचोटीचं म्हणून नाव असलेलं राज्य, आणि त्यानेच हात वर केले. तिथलं व्याज पुन्हा सुरू व्हायला फेब्रुवारी १८४५ उजाडलं. मिसिसिपीने तर युनियन बँकेचे ५० लाख डॉलरचे रोखे आम्हाला बंधनकारकच नाहीत म्हणून झटकून टाकले आणि ते कधीच फेडले नाहीत.

सिडनी स्मिथ या विनोदी लेखणीच्या पाद्र्याचे पैसे पेनसिल्व्हेनियात अडकले होते. त्याने १८४३मध्ये अमेरिकी काँग्रेसला जाहीर अर्ज लिहिला, पाठोपाठ वर्तमानपत्रात पत्रं. एका पत्रात तो म्हणतो, लंडनमध्ये जेवणावळीला पेनसिल्व्हेनियाचा माणूस भेटला की त्याला धरून वाटून टाकावंसं वाटतं : एका बुडालेल्याला त्याची टोपी, दुसऱ्याला कोट. हे पत्र नोव्हेंबरचं, 'कॅरल' डिसेंबरचं. स्मिथ हा डिकन्सचा स्नेही, पुढे डिकन्सने एका मुलाला त्याचं नाव दिलं. आणि डिकन्स स्वतः १८४२च्या जानेवारी ते जून अमेरिकेत फिरून आला होता.

वाचक हे वाक्य वाचून हसला असणार ते या ताज्या जखमेमुळे. आज तळटीप लागते.

कोरडेपाषाण

सातासमुद्रा, माहिती भरपूर, पण एक शंका. 'युनायटेड स्टेट्स' म्हणजे राज्यांचेच रोखे हे कशावरून? दोन पर्याय शिल्लक राहतात. पहिला, केंद्र सरकारचे रोखे. दुसरा, बँक ऑफ द युनायटेड स्टेट्स. फिलाडेल्फियाची ही बँक १८४१च्या फेब्रुवारीत कायमची बसली, आणि डिकन्सने 'अमेरिकन नोट्स'मध्ये तिची संगमरवरी इमारत पाहून तिला अनेकांच्या संपत्तीचं थडगं म्हटलंय. त्याच्या डोक्यात ती असू शकते.

सातासमुद्रा

बँकेचा मुद्दा चांगला आहे, पण दोन गोष्टी आड येतात. तिचे कागद लंडनमध्ये होते हे खरं, मात्र बँक 'बुडाली' होती. दिवाळं निघालेल्या बँकेचा हिशेब होतो, मालमत्ता विकतात, रुपयाला चार आणे का होईना, कधीतरी वाटप होतं. राज्यांचं तसं नव्हतं. ती जागेवर होती, खात-पीत होती, आणि 'देऊ, पण कधी ते सांगत नाही' म्हणत होती. वाक्यातला विनोद या बेमुदतीवर उभा आहे.

दुसरं म्हणजे 'सिक्युरिटी' हा शब्द. त्या वर्षांत 'अमेरिकन सिक्युरिटीज' म्हटलं की लंडनमध्ये राज्यांच्या रोख्यांचाच विषय निघे. केंद्राने नवं कर्ज काढायला १८४२मध्ये युरोपात माणूस पाठवला तोही हात हलवत परत आला, कारण सावकारांनी राज्य आणि केंद्र असा भेद करायचंच सोडून दिलं होतं. म्हणून मी 'राज्यांचे रोखे' असं वाचतो, पण स्क्रूजच्या तोंडी शिवी आहे ती सरसकट अमेरिकेलाच.

काही छापील प्रतींत 'स्टेट्स'नंतर अपॉस्ट्रॉफी आहे, काहींत नाही. तेवढ्यावर निकाल लावता येणार नाही. 'युनायटेड स्टेट्स' तसंही अनेकवचनीच वापरत.

अडतबाजार

यात कायद्याची एक बाजूही आहे. बिल नाकारलं गेलं तर धनको हतबल नसतो. नोटरीकडे जायचं, त्याने बिल पुन्हा सादर करून नकाराची नोंद करायची, मग प्रोटेस्ट, म्हणजे त्या नकाराचा नोटरीचा रीतसर दाखला. परदेशी बिलाला हा प्रोटेस्ट आवश्यकच. त्यानंतर लिहिणाऱ्यावर, सकारणाऱ्यावर, पाठीवर सह्या करणाऱ्या प्रत्येकावर दावा. इंग्लंडात तेव्हा कर्जासाठी तुरुंग होता. डिकन्सचे वडील १८२४मध्ये मार्शल्सीच्या तुरुंगात होते ते कर्जापायीच.

राज्याचा रोखा? अमेरिकी घटनेच्या अकराव्या दुरुस्तीमुळे परदेशी माणसाला राज्यावर केंद्रीय न्यायालयात दावाच लावता येत नाही. व्याज थकलं की अर्ज लिहायचे, सिडनी स्मिथसारखे. सावकाराच्या नजरेतून, ज्या कागदावर दार ठोठावता येत नाही तो 'मिअर' कागद. स्क्रूज तुच्छतेने बोलतोय, पण चुकीचं काही बोलत नाहीये.

चष्मेबद्दूर

पटलं. पण एक तिरकी शंका : सूर्य उगवला नाही म्हणून बिलाचे दिवस थांबतात का? व्यापारात दिवस पंचांगाने मोजतात, उजेडाने नाही. २४ तास झाले की दिवस झाला.

मोडीलिपी

काटेकोर पाहिलं तर तुमचं बरोबर. कायद्याने दिवस संपतो मध्यरात्री, सूर्य असो नसो. पण स्क्रूज अर्धवट झोपेत आहे आणि लेखकाला हवंय ते हेच : जगबुडीची शंका येताच या माणसाला पहिली काळजी वाटते ती बिलाच्या मुदतीची. तर्क मुद्दाम ताणलाय. 'अँड सो फोर्थ' बघा ना. प्रलयाच्या दारात उभं राहून तो साचा तोंडपाठ म्हणतोय आणि कंटाळून मध्येच सोडतोय. या दोन शब्दांना भाषांतरात कात्री लावू नका.

दिनमान

दिवस मोजायचा विषय निघालाच आहे तर हिशेब करून टाकू. बिल पुस्तकाच्या प्रकाशनाच्या दिवशी, मंगळवार १९ डिसेंबर १८४३ला सकारलं असं धरा.

सकारल्याचा दिवस मोजायचा नाही. २०, २१, २२ : झाले तीन दिवस. पण २२ला पैसे मागायला गेलात तर देणारा हसेल, कारण इंग्लंडात मुदतीवर तीन 'ग्रेस'चे दिवस मिळत. २३, २४, २५. म्हणजे देय तारीख सोमवार २५ डिसेंबर, नाताळ. ग्रेसचा शेवटचा दिवस नाताळात किंवा रविवारी आला तर बिल आदल्या दिवशी द्यायचं, पुढच्या दिवशी नाही. आदला दिवस २४, नेमका रविवार. म्हणून आणखी मागे : शनिवार २३.

इथे दोन ठिकाणी पाय घसरतो. एक, सकारल्याचा दिवस धरून मोजणं. दोन, सुट्टी आली की पुढे ढकलणं. ग्रेस नसलेल्या साध्या कर्जाला लोक पुढचा दिवस धरतात आणि तोच नियम इथे लावतात. आपल्या १८८१च्या कायद्यातही ग्रेस तीन दिवस (कलम २२), दाखवल्याचा दिवस वगळायचा (कलम २४) आणि सुट्टी आली तर आधीचा कामाचा दिवस (कलम २५). इंग्लंडने ग्रेसचे दिवस १९७१च्या कायद्याने काढून टाकले. आपल्या कायद्यात ते छापलेले आहेत.

गंमत म्हणजे १८४३ची नाताळची आदली संध्याकाळ रविवारची होती, आणि गोष्टीत त्या संध्याकाळी स्क्रूजची पेढी उघडी आहे, त्याचा कारकून बॉब क्रॅचिट कामावर आहे. म्हणजे गोष्टीचं कॅलेंडर १८४३चं नाही. तसंच लंडनचं रॉयल एक्स्चेंज जानेवारी १८३८मध्ये जळालं आणि नवी इमारत ऑक्टोबर १८४४मध्ये उघडली. पुस्तक आलं तेव्हा 'चेंज'ला स्वतःची इमारतच नव्हती. म्हणून प्रत्येक तपशील एकाच वर्षाला बांधायला जाऊ नये. अमेरिकेचा टोमणा मात्र १८४३चाच, तो मागेपुढे सरकत नाही.

नारळीपौर्णिमा

हुंडीवाल्यांसाठी एक प्रश्न. मुंबईहून लंडनवर लिहिलेली बिलंही अशीच तीन दिवसांची असत का?

अडतबाजार

नाही. हिंदुस्थानातून लंडनवरची बिलं महिन्यांच्या बोलीवर असत, सहा महिने 'आफ्टर साइट' हा नेहमीचा प्रकार. माल बोटीने पोचून विकला जाईपर्यंत मुदत हवी. तीन दिवस ही फार आखूड मुदत, जवळपास दर्शनी. डिकन्सने ती घेतली ती विनोदासाठी असावी असं माझं मत. सहा महिन्यांची मुदत असती तर वाक्य ढिलं पडलं असतं. 'तीन दिवस' म्हटल्यावर पैसे अगदी हाताशी आल्यासारखे वाटतात, आणि मग ते निसटतात.

आणि हुंडी १८८१च्या कायद्यात आपोआप बसते असं कुणी समजू नका. देशी भाषेतल्या कागदांचे स्थानिक रिवाज त्या कायद्याने पहिल्याच कलमात वेगळे राखलेत. तुलना समजण्यापुरती ठेवावी.

पानगळ

दंडवत सगळ्यांना. मराठीत आणायचा प्रयत्न :

"हायसं वाटलं, कारण मोजायला दिवसच उरले नसते तर 'या पहिल्या प्रतीच्या दर्शनापासून तीन दिवसांनी श्री. एबेनेझर स्क्रूज यांस किंवा ते सांगतील त्यास द्यावे' वगैरे वगैरे, याची किंमत अमेरिकेच्या रोख्याएवढी झाली असती."

मोडीलिपी

चांगलं आहे. तीन दुरुस्त्या सुचवतो. 'पहिल्या प्रतीच्या'ऐवजी 'हुंडीच्या या पहिल्या प्रतीच्या'. हुंडी शब्द आल्याशिवाय कागद कसला ते कळत नाही. 'दर्शन' ठेवा, हुंडीच्या भाषेत तो रूढ आहे आणि इथे देवळात गेल्यासारखा वाटत नाही. तिसरं, 'किंमत रोख्याएवढी' म्हटलं की आजचा वाचक उलटा अर्थ घेणार, बरीच किंमत आली म्हणून. 'त्याचा नुसता अमेरिकी रोखा झाला असता' असं करा. 'नुसता'मध्ये 'मिअर' बरोबर बसतो.

कोरडेपाषाण

'अमेरिकेतल्या बुडव्या राज्यांचा रोखा' केलं तर तळटीप वाचेल.

मोडीलिपी

वाचेल, पण विनोद मरेल. 'बुडव्या' हे वाचकाने मनात म्हणायचं असतं. त्यापेक्षा दोन ओळींची टीप परवडली : १८४१-४३ मध्ये अमेरिकेतल्या आठ राज्यांनी कर्जरोख्यांचं व्याज थांबवलं, त्यात इंग्रज गुंतवणूकदार पोळले. बस. 'कवडीमोल गुंतवणूक' एवढीच टीप देतात, ती अपुरी आहे. कवडीमोल का आणि दिवसांशी त्याचा संबंध काय, हे तिच्यात येत नाही.

दिनमान

+१. शिवाय चौथ्या स्टेव्हमधलं ते जोडपं आठवा. त्यांच्यावर स्क्रूजचं कर्ज आहे, नवरा आठवड्याची मुदतवाढ मागायला गेलेला असतो आणि सावकार मेल्याची बातमी घेऊन येतो. बायको विचारते, आता आपलं कर्ज कुणाकडे जाईल? तो म्हणतो, ठाऊक नाही, पण तोवर पैसे जमतील, आणि नाही जमले तरी इतका निर्दय सावकार पुन्हा मिळणं कठीण. मुदत आणि 'ऑर हिज ऑर्डर', दोन्ही तिथे घेणेकऱ्याकडून नाही, देणेकऱ्याच्या बाजूने दिसतात.

अडतबाजार

प्रसंग चपखल आहे. फक्त त्या जोडप्याने कोणता कागद लिहून दिला होता हे डिकन्स सांगत नाही. साधं तोंडी कर्जही असेल. टीप लिहाल तेव्हा तिथे 'हुंडी' घुसवू नका.